पाचटाच्या राखेचा हिरवा

"बोटं उठू द्यायची नाहीत, उमे," आई म्हणाली. "बोट उठलं की तिथूनच भेग जाते. वरून ओलं फडकं फिरव. हळू. तान्ह्या मुलाचं तोंड पुसतात ना, तसं."

मी भट्टीचं दार लिंपत होते. दार म्हणायचं एवढंच. आत भांडी रचून झाली की तोंडाशी विटांचे थर चढवायचे आणि फटी तांबड्या मातीनं बुजवायच्या. त्या मातीत भाताचा तूस आणि मूठभर राख. दर खेपेला दार नव्यानं बांधायचं आणि दर खेपेला मोडायचं. विटा मात्र त्याच, आईनं आकडे घातलेल्या. सत्तावीस नंबरची वीट जिथं बसते तिथं दुसरी कुठली बसत नसे.

"बाई, पोरीला कशाला जुंपलंय," लाकडं रचता रचता दत्तोबा म्हणाले. "बारावीचं पेपर लिवून हात दुखत असतील तिचं."

"दुखू देत. पेपरात काय दिवे लावलेत ते जूनमध्ये कळेलच."

"तुमी बी मास्तरीणच. घरात बी मास्तरीण."

दत्तोबा कुंभार गल्लीतले. आई मुंबईहून मातीकामाचा डिप्लोमा घेऊन कोल्हापुरात लग्न करून आली, तेव्हा तिला चाकावर गुडघ्याएवढं भांडं उभं करता येत नव्हतं. दोन वर्षं ती रोज दत्तोबांच्या अंगणात जाऊन बसली. पुढं तिला कलाशाळेत नोकरी लागली, घरामागं तिनं स्वतःची भट्टी बांधली आणि भट्टी लावायची म्हणजे दत्तोबा हवेतच असं ठरून गेलं. ती त्यांना मामा म्हणायची, ते तिला बाई. भांडायचे मात्र सख्ख्या भावंडांसारखे.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या एप्रिलमधली. आमचं घर पन्हाळ्याच्या रस्त्याला, वस्ती संपून ऊस सुरू होतो तिथं. बाबा पाटबंधारे खात्यात, धरणावर. महिन्यातून एकदा यायचे आणि आले की म्हणायचे, "या घरात भाकरीपेक्षा विटा जास्त भाजल्या जातात."

त्या भट्टीत चौदा कणग्या होत्या. धान्याची कणगी असते तशाच घडणीच्या, खाली निमुळत्या, पोटाला फुगीर, वर खांदा आणि खांद्यावर आखूड गळा. एकेक माझ्या कमरेएवढी. अठरा वर्षं आईनं कलाशाळेत दुसऱ्यांची भांडी उभी केली होती. स्वतःचं काम रविवारी, सुट्टीत, मुलं घरी गेल्यावर. कुठं दोन भांडी जिल्ह्याच्या प्रदर्शनात, कुठं एखादं बक्षीस. आणि आता मुंबईच्या एका कलादालनानं तिला पत्र पाठवलं होतं. तिचं एकटीचं प्रदर्शन, जूनच्या पहिल्या आठवड्यात. पत्र तिनं मला वाचायला दिलं, बाबांना दिलं, दत्तोबांना वाचून दाखवलं आणि मग पुन्हा माझ्याकडून मागून घेऊन एकटी वाचत बसली.

कणग्या तर होत्याच; खरी गोष्ट होती तो त्यांच्यावरचा हिरवा.

आईला नऊ वर्षं एक रंग हवा होता. बाजारातली रंगद्रव्यं घालून आलेला नव्हे, राखेतून आपण होऊन उतरलेला. ती आंब्याची राख आणायची, बाभळीची आणायची, गुऱ्हाळाच्या चुलवाणातली आणायची. धुऊन, गाळून, मातीबरोबर कालवून तिचं ग्लेझ करायची, म्हणजे भांड्यावर काचेसारखं वितळणारं पाणी. आमच्या खिडकीत बोटाएवढ्या नमुन्यांच्या रांगा लागल्या होत्या. सगळे चहाच्या रंगाचे नाहीतर पावसाळी चपलेच्या. मग एकदा मागच्या शिवारात ऊस तुटून गेल्यावर मालकानं पाचट पेटवलं. आम्ही दोघी झाडणी आणि पोती घेऊन गेलो. वाऱ्यानं केस राखेनं भरले. ती राख सात पाण्यांनी धुतली, जुन्या धोतरातून गाळली आणि तिचा नमुना भाजून आला तेव्हा आई तो नमुना मुठीत धरून स्वयंपाकघरात आली. मूठ उघडली.

"अजून राख आणायची?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी ती असणार नाही. एका वर्षाची राख दुसऱ्या वर्षासारखी नसते, शेजारच्या वावराची तर नसतेच. आहे ती चौदांना पुरेल."

पुरली. तळाशी वाटीभर ग्लेझ उरलं तेवढंच.

शुक्रवारी पहाटे भट्टी पेटली. शनिवारी सकाळी आईनं टेहळणीच्या भोकातून पाहिलं, आत धग मोजायला ठेवलेल्या शंकूंपैकी तिसराही वाकला होता. "बास, मामा," ती म्हणाली. शेवटची लाकडं जळून गेल्यावर धुराड्याची झडप लावली, आगीचं तोंड बुजवलं आणि मग तिघंही जमिनीवरच बसलो. आईच्या भुवया जळाल्या होत्या.

"आता सोमवारी सकाळी," ती म्हणाली. "पेरीनबाई रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी पोचतील. त्यांच्यासमोर उघडू."

कलादालन पेरीनबाईंचं. त्यांना उघडताना बघायचं होतं.

"सोमवार?" दत्तोबा म्हणाले. "आमचा आवा सांच्याला पेटीवला की दुसऱ्या दिशी गाडगी बाजारात. तुमची भट्टी म्हंजे पयलटकरीण. लई दिवस निजून ऱ्हाती."

"मामा, तुमची गाडगी निराळी आणि हे निराळं. हे थंड होताना जास्त जपावं लागतं. गार वारा आत गेला की संपलं."

"उघडायचं कधी मग, कळतंय कसं?"

हे त्यांना ठाऊक होतं. माझ्यासमोर तिनं ते पुन्हा सांगावं म्हणून विचारलं असावं. आईनं तळवा दारावर टेकवला आणि चटकन मागं घेतला. "तळवा ठेवून शंभर मोजता आले पाहिजेत. नव्याण्णवला हात काढावासा वाटला, तरी परत जायचं. चहा प्यायचा. यायचं."

रविवारी कलाशाळेत मुलांच्या कामाचं वार्षिक प्रदर्शन होतं आणि पाहुणे यायचे होते. आईला जाणं भाग होतं. निघायच्या आधी मी लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होते आणि विळीनं अनामिकेला चांगलंच कापलं. आई पातळ नेसून तयार होती. तिनं कामावरच्या जुन्या इचलकरंजी साडीची चिंधी टर्रकन फाडली, हळद दाबली, पट्टी बांधली.

"अठरावं लागेल आता आणि विळी धरता येत नाही."

"तुला तरी कुठं येते?"

"मला चाक फिरवता येतं. तुला तेही नाही." मग गाठ मारताना हळूच म्हणाली, "उमे, माझं लक्ष लागणार नाही गं तिथं. काय झालं असेल आत?"

एरवी ती कधी असं बोलायची नाही.

दुपारपर्यंत दत्तोबा भट्टीजवळ आंब्याखाली बसले होते. बाराच्या सुमाराला उठले. पुतण्याची सुपारी फुटायची होती, जाऊन जेवून येतो म्हणाले.

"तू हाईस न्हवं हितं?"

"आहे की."

"कुत्रं-मांजर बी जाऊ देऊ नगंस जवळ."

मी आंब्याखाली पुस्तक घेऊन बसले. वाचलं एक अक्षर नाही. आई तिकडं पाहुण्यांना मुलांची भांडी दाखवत असेल आणि तिचं लक्ष इथं असेल, हेच डोक्यात. मला वाटलं, एक वीट काढून बॅटरीनं पाहिलं, तेवढ्यापुरतं, आणि लगेच बसवली, तर काय होणार आहे? सायकल घेऊन कलाशाळेत जाईन. गर्दीतून तिच्या कानाशी जाऊन म्हणेन, आलाय. नुसतं तेवढंच, आलाय. तिचं तोंड कसं होईल ते मला दिसत होतं. त्या तोंडासाठी मी उठले.

मी दारावर तळवा ठेवला. सोळापर्यंत मोजलं.

आईचे जाड हातमोजे घातले आणि कालथ्यानं लिंपण खरवडून सव्वीस आणि सत्तावीस नंबरच्या विटा काढल्या. एकीतून नीट दिसेना म्हणून दुसरी. तोंडावर धग आली. डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि बॅटरी लावली.

मी पाहिलं.

किती वेळ पाहत होते ते सांगता येणार नाही. घाई होती, सायकल होती, आई होती, सगळं विसरले. उसावरून येणारा वारा माझ्या मानेवरून आत जात होता. मला तो गार लागला आणि बरं वाटलं, एवढं मला नेमकं आठवतं.

मग आवाज आला. टण्. फार मोठा नव्हे. शेजारी कुणी पितळी झाकण ठेवावं तेवढा. मी इकडंतिकडं पाहिलं. पुन्हा टण्, आणि या वेळी बॅटरीच्या उजेडात समोरच्या कणगीच्या खांद्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उतरत गेली. अगदी सावकाश, कुणी पेन्सिलनं ओढावी तशी.

विटा कशाबशा परत बसवल्या. लिंपायच्या तांबड्या मातीची बादली पाहिली तर ती उन्हात वाळून दगड झालेली. पाणी आणायला वेळ नव्हता. चाकाजवळ ओल्या गोणपाटाखाली आईची कामाची माती होती, खानापूरहून यायची ती, पांढरट, लोण्यासारखी. हातमोजे फेकले, तिचा मोठा गोळा उचलला, थापला, चारी बोटांनी दाबला. फडकं फिरवायचं राहिलं. फाटक वाजलं म्हणून मी पळत येऊन पुस्तक उघडलं. फाटक वाऱ्यानं वाजलं होतं.

दूर बसल्यावर दिसलं. तांबड्या दारावर भाकरीएवढा पांढरा डाग.

दत्तोबा उशिरा आले, पाहुणचारानं सुस्तावलेले, आणि आंब्याखाली आडवे झाले. आई आली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि वीज गेली होती. तिनं अंधारातच भट्टीच्या बाजूच्या भिंतीला हात लावला. "अजून आहे ऊब," म्हणाली. जेवताना प्रदर्शनाच्या गमती सांगत होती. कुणा पाहुण्यांनी एका मुलाची सुरई उचलून "यात मासे ठेवायचे का?" विचारलं होतं. मी हसले. सांगेन, सांगेन म्हणत राहिले. आवाज दोनच आले होते. दोनच फुटल्या असतील. बारा पुष्कळ झाल्या.

सोमवारी मी उठले तेव्हा आई भट्टीसमोर उभी होती. हातात चहाचा कप आणि चहावर साय धरलेली. तिला डाग दिसलाच असणार, असं वाटलं. पण जवळ गेले तर दारावर पांढरा डाग नव्हता. सगळं दार एकसारखं तांबडं. मला काही कळेना. धगीनं माती तांबडी झाली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सतरा वर्षांच्या मुलीला जे हवं असतं ते सगळं पटतं.

नऊला पेरीनबाई रिक्षातून उतरल्या, पांढरे कापलेले केस, पायात कोल्हापुरी, हातात खाऊचा पुडा. "प्रमिला, मी तर गाडीत झोपलेच नाय. सारखी भट्टी दिसते."

दत्तोबा दार मोडायला पुढं झाले. एक हात लिंपणावर फिरवला आणि थांबले.

"बाई, हे ओलं हाय."

त्यांनी आणखी थोडं चाचपलं.

"हितं, वरच्या अंगाला. बाकीचं वाळून खडंग झालंय आन् हे ओलं."

"मीच," आई म्हणाली. "पहाटे राहवेना. दोन विटा काढून पाहिलं आणि परत लिंपलं."

"तुमी?" दत्तोबा तिच्याकडं बघत राहिले. "बाई, तुमी?"

"हो मामा, मी. उघडा आता."

विटा उतरल्या. पहिल्यांदा कुणाला काही दिसलं नाही, कारण हिरवाच दिसत होता. मग दत्तोबांनी समोरची कणगी धरून पुढं ओढली आणि तिचा अर्धा भाग त्यांच्या हातात आला. अर्धा आतच राहिला.

चौदापैकी एकही सबंध नव्हती. काही दुभंगल्या होत्या, काहींना गळ्यापासून तळापर्यंत केसाएवढी चीर. आई त्या एकेक बाहेर काढून हिरवळीवर ठेवत गेली. बोटाच्या पेरानं टिचकी मारून पाहायची. सबंध भांडं वाजतं. ही सगळी भद्द, मडक्यात खडा टाकल्यासारखी. चौदाही वेळा तिनं टिचकी मारली.

पेरीनबाईंनी चष्मा काढला. "प्रमिला, तू पण? एवढी वर्षं मुलांना शिकवते आणि तू पण अशी?"

"हो ना," आई म्हणाली. "सांगायला सोपं असतं."

मी तिथंच उभी होते. तोंड उघडलंही होतं. पण तिचं वाक्य मी ऐकलं होतं. पहाटे, दोन विटा. म्हणजे माझ्यानंतर तिनंही उघडली! म्हणजे माझ्यामुळं दोनच फुटल्या आणि बाकीच्या तिच्या हातून. किंवा माझ्यामुळं एकही नाही. त्या एका क्षणात मी ते पक्कं धरलं, बुडत्यानं फांदी धरावी तसं, आणि पुढं छत्तीस वर्षं सोडलं नाही.

दत्तोबा माझ्याजवळून जाताना थांबले. "पोरी, चिंधी बदल. मळलीया."

माझ्या बोटावरची पट्टी पांढऱ्या मातीनं कडक झाली होती. मी हात मागं घेतला.

प्रदर्शन झालं नाही. पुढच्या वर्षी त्या शिवारातल्या पाचटाची राख तिनं पुन्हा धुतली, गाळली, भाजली. करडा आला. त्याच्या पुढच्या वर्षी तपकिरी. पेरीनबाईंची दोन पत्रं आली, मग नवीन वर्षाची शुभेच्छापत्रं, मग तीही नाहीत. आई आणखी सोळा वर्षं शिकवत राहिली. चांगली भांडी केली तिनं, लोकांनी नेली, घरात वापरली. पण कणगी पुन्हा केली नाही. दुभंगलेल्या कणग्या कुंपणाशी उपड्या घातल्या, त्यांच्यावर कारल्याचा वेल चढला. एक तेवढी कलाशाळेत नेली.

मी मातीला हात लावला नाही. पुण्याला आले, ग्रंथपाल झाले. आईनंही कधी "ये, चाकावर बस" असं म्हटलं नाही. आम्ही पुस्तकांबद्दल बोलायचो, दत्तोबा गेल्यावर त्यांच्याबद्दल बोलायचो. त्या एप्रिलबद्दल कधीच नाही. मला वाटायचं, तिला स्वतःची चूक आठवायला नको म्हणून मी गप्प राहते. स्वतःला किती उदार समजत होते मी.

गेल्या फाल्गुनात आई गेली. एक्क्याऐंशी पूर्ण झाली होती. शेवटचे काही आठवडे मी कोल्हापुरातच होते. जायच्या आधी तीन दिवस, दुपारी, मी तिचे पाय चेपत होते. झोपलीय असं वाटत होतं. एकदम म्हणाली,

"कशा दिसत होत्या गं?"

"कोण आई? मावश्या?" सकाळीच माझ्या दोन्ही मावश्या भेटून गेल्या होत्या. "बऱ्या दिसत होत्या की. धाकटी जरा वाळलीय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसली, डोळ्यांनीच.

"बरं. असू दे."

तेराव्यानंतर तिचे विद्यार्थी घरी जमले. साठीला आलेलेही होते आणि पंचविशीतलेही. रेहाना मुजावर आता स्वतः मातीकाम शिकवते. ती सांगत होती, "बाईंनी माझी पहिली चाळीस भांडी तारेनं उभी कापली. आतली जाडी बघायला. मी रडायची. एकेचाळिसावं हातात घेतलं, बघितलं आणि खाली ठेवलं. म्हणाल्या, हे राहू दे, चहा पाज यातून मला."

सगळे हसले. मग ती म्हणाली, "आणि पहिल्या दिवशी ती फुटकी कणगी. दर वर्षी. टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, ही मी फोडली. माती माझी, भट्टी माझी, घाईही माझीच. तुम्ही करू नका. आम्हाला वाटायचं, एवढी मोठी बाई, अन् सरळ सांगते."

मी मान खाली घालून ऐकलं. कधी काळी वाटलं असतं तेवढंसुद्धा दुःख वाटलं नाही. मनात आलं, म्हणजे झालं होतं तसंच. तिच्याही हातून.

दुसऱ्या दिवशी मी तिचं टेबल आवरायला घेतलं. हजेरीपटांच्या जुन्या वह्या, तारेचे तुकडे, चष्म्यांची घरं. आणि टाचण्यांची ती वडी. तळहाताएवढी जाड वडी, वर चार लांबट खळगे, एकेकात वेगळ्या टाचण्या, शेवटच्यात रबरं. जन्मभर त्या टेबलावर पाहिलेली. मी कॉलेजात असताना कधी विचारलं होतं तेव्हा आई म्हणाली होती, "वाटीभर ग्लेझ उरलं होतं ना, ते वाया कशाला घालवायचं? कशावर तरी ओतलं." तो हिरवा म्हणजे तोच, एवढं मला ठाऊक होतं. तेवढ्यासाठीच मी तिच्याकडं फार वेळ बघत नसे.

टाचण्या काढून डबीत ओतल्या. वडी पुसायला फडकं आणलं. खळग्यांत ग्लेझ दाट साचलं होतं, विहिरीतल्या पाण्यासारखं. तिसऱ्या खळग्यात मात्र पातळ होतं आणि तळाशी बारीक खरखर लागली. खिडकीशी जाऊन पाहिलं. उभे-आडवे धागे. विणीचे. जाड सुताची, जरा विरलेली वीण, आणि एका कडेला गाठ दाबल्यासारखी खोलवट.

मी माझी बोटं त्या खळग्यांवर ठेवली. बसली नाहीत. खळगे लहान होते, दहा-बारा वर्षांच्या मुलीचे असावेत असे. कुणा विद्यार्थ्याच्या लेकराचे असतील, असं म्हणून मी वडी खाली ठेवली. दाराशी गेले. परत आले.

माती भाजली की आठव्या हिश्श्यानं आकसते. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, मी त्या घरात वाढले होते. आई कणगी माझ्या खांद्याला लागेल एवढी घडवायची, तेव्हा ती भट्टीतून कमरेएवढी निघायची, असं दत्तोबा म्हणायचे. अतिशयोक्ती होती, पण फार नव्हे.

वडी उलटी केली. मागं विटेच्या कडेची सरळ खाच होती. तिच्याखाली, आई नमुन्यांवर टोकदार काडीनं लिहायची तसं, भाजण्याआधी लिहिलेलं होतं. दोन आकडे. २६, २७.

तिनं त्या सोमवारी पहाटे भट्टी उघडली नव्हती. तिनं फक्त माझी पांढरी माती हलक्या हातानं सोडवून काढली होती, न मोडता, आणि तिथं ओली तांबडी माती लिंपली होती, लोक यायच्या आत. माझ्या बोटांच्या ठशांवर फडकं न फिरवता तीच माती भाजून ही वडी केली होती. आणि मग ती मला पुरेल असं एक वाक्य बोलली होती, पेरीनबाईंसमोर, दत्तोबांसमोर, आणि पुढं दर वर्षी नव्या मुलांसमोर, ते खोटं पडू नये म्हणून.

छत्तीस वर्षं तिनं मला काही विचारलं नाही. एकदाच विचारलं. आणि मी तिला मावश्यांची खुशाली सांगितली.

त्या कणग्या सबंध असताना पाहिलेलं माणूस मी एकटीच आहे. ज्या बाईनं नऊ वर्षं त्यांची वाट पाहिली तिनंही त्या तशा पाहिल्या नाहीत. तिचं टेबल आवरून झालं होतं. खिडकीतून कुंपणावरचा कारल्याचा वेल दिसत होता, तिच्या हातचा. मी तिच्या खुर्चीत बसले, वडी मांडीवर घेतली आणि सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, घरात कुणी नव्हतं.

आई, तीन रांगा होत्या. पुढं पाच, मध्ये पाच आणि मागं चार. बॅटरी लावली तेव्हा आधी काहीच दिसलं नाही, नुसता ओला अंधार. मग समोरची दिसली. उसाच्या पेरावरचं पान सोलल्यावर आत जो कोवळा हिरवा असतो ना, वर पांढरी भुकटी असते, तो. खांद्यावर गडद, पोटाकडं उतरत विरळ. ग्लेझ खाली वाहत आलं होतं, पण तळाला लागलं नव्हतं. एकेक थेंब धरून तिथंच थांबलं होतं. तू म्हणायचीस तसंच. मधल्या रांगेतली तिसरी जराशी कलली होती, जेवण झाल्यावर दत्तोबामामा बसायचे तशी. मागच्यांचे नुसते गळे दिसत होते. मी बॅटरी हलवली की चौदाही एकदम उजळायच्या, एकीचा हिरवा दुसरीवर पडायचा.

आणि आई, एकीवरही भेग नव्हती.